फेरफार

बर्फ आता फक्त लाकडांच्या ढिगामागे उरलाय,
एवढासा, मळकट,
निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
नदीवरचा थर फुटल्याचं परवा रात्रीच ऐकू आलं.
आईनदी. तिचं नावच तसं आहे आमच्याकडे.
दर एप्रिलला ती गल्लीच्या तोंडाशी येते,
कोण कोण उरलंय ते बघते
आणि मागे फिरते.

तार्तूच्या या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं.
मी घेवडा गल्लीत राहते,
हिल्लार कुंपणापलीकडे,
आणि बटाटा गल्लीतून सायकलवर येते
पोस्टातली लीवी.

चाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या.
साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या,
भाऊ भाऊ भांडत असताना
मधोमध कागद धरून उभी राहिले.
बागही तशीच लावली, ऑक्टोबरात,
दोरी ताणून, वीत वीत अंतरावर,
ट्यूलिपचे एकशे दहा कंद.
लाल पूर्वेला, पिवळे पायरीशी.
नकाशा चौकटीच्या कागदावर,
प्रमाण एकास वीस,
उत्तर दिशेचा बाण काढून.

आज तो नकाशा घेऊन बाहेर आले,
चष्मा लावून, रबरी बुटांत,
तर ओळीत कोणीच हजर नाही.

कपडे वाळत घालायच्या तारेखाली सात नाकं.
खताच्या पेटीत तीन.
सौनाच्या पायरीच्या फटीतून एक,
मान वाकडी करून.
बर्फाच्या छपराखाली
उंदरांनी हिवाळाभर काम केलंय.
ना अर्ज, ना नोटीस, ना पंच,
सगळा फेरफार परस्पर मंजूर.

मला राग यायला हवा होता.
थोडी वाट पाहिली. आला नाही.
मग गुडघ्यांची परवानगी काढून खाली बसले,
एक कोंब बोटाने दाबून पाहिला:
गार, घट्ट,
नव्या बुटाच्या टोकासारखा.

आणि हिल्लारच्या बाजूने ते निळं.
सिल्लाची फुलं, वीतभरही नाहीत,
पण शेकड्यांनी, कुंपणाखालून सरकत
माझ्या गवतात बारा पावलं आत.
बी मुंग्या वाहून नेतात, तो म्हणाला,
बर्चच्या रसाची बरणी पुढे करत,
लाच देतात तशी.
उपटून टाकू का?

मी टेप आणली. सवय.
एक टोक त्याच्या हातात दिलं,
दुसरं घेऊन निळ्यातून चालत गेले,
पाऊल कुठे ठेवू, कुठे ठेवू, असं करत.
एक केसाळ भुंगा येऊन टेपवरच बसला,
बरोबर पाच मीटर चाळीसवर,
ऊन खात.
आम्ही दोघं टेप ताणून धरून उभे.
किती वेळ, ते मोजलं नाही.

नंतर रस प्यायलो.
त्याला तशी चवच नसते,
झाड शेजारून गेल्यासारखं वाटतं नुसतं.
वहीत नोंद केली:
हद्द जागेवर आढळून आली नाही.
हिल्लारने खाली सही केली,
वळणदार, तारखेसकट.

राहता राहिलं फाटक.
ते आत उघडतं, आणि त्याच्या वाटेतच
एक कोंब, चांगला जाडजूड.
लाल असेल. की पिवळा?
नकाशाप्रमाणे तिथे काहीच नाही.

लीवीने घंटी वाजवली,
पत्र कुंपणावरून दिलं.
बिघडलंय का फाटक?
नाही गं, म्हटलं, फुलायचंय.
मे संपेपर्यंत लाकडांवरून ये.
तिने सायकल टेकवली, चढलीसुद्धा,
आणि वर गेल्यावर तिथेच थांबली
बाग बघत,
खांद्याला पिशवी,
घेवडा गल्लीचं बाकीचं टपाल तसंच.