अकरा किल्ल्या

अकरा बंगल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
सोमवारी चादरी बदलते,
मंगळवारी पोहायच्या टाकीतल्या सुरूच्या काड्या वेचते.
शुक्रवारपर्यंत तिथले दिवे मीच लावते, मीच मालवते.
आम्ही पाचजण नागावात, पत्र्याखाली.
भाडं दर मे महिन्यात भरतीसारखं वर,
ओहोटी ठाऊक नाही त्याला.

सभा शाळेत भरली. बाकांत गुडघे अडकले.
शैलजा थळे, अठरा गुंठे सुपारीची वाडी,
दलालाला तीनदा चहा पाजून परत धाडलेली,
म्हणाली, जमीन संस्थेची. नव्याण्णव वर्षं.
विकायची कुणीच नाही, मीसुद्धा नाही.
भिंती तुमच्या.
सोडून जाल तेव्हा घातलेले पैसे घ्या,
वर महागाईचे थोडे. बाजाराचे नाहीत.

"मग फायदा काय?" हरेश भगतनं विचारलं.
शैलजा चष्मा पुसत राहिली.
मागून कुणीतरी, "फायदाच बघायचा तर बंगला बांध की."
हसलो सगळे. हरेशही, जरा उशिरा.

आता चिऱ्याची पहिली ओळ बसलीय.
चौदा घरं, एक विहीर,
जाळी सुकवायला उघडी जागा.
तीन पोफळी वाचवायला गवंड्यानं भिंत वळवली,
शिव्या देत देत.

माझं घर बारावं.
अजून नुसत्या फक्कीच्या रेघा:
एक खोली, चूल, अर्धी ओटी.
काल दिवेलागणीला जाऊन उभी राहिले.
दार नव्हतं,
तरी चपला बाहेर काढल्या.