पेरभर

"पाणी रोज मारता, पण पोचतं का खाली?"
लहू ढेबेनं लॉनमध्ये बोट खुपसलं.
पेरभर गेलं, तरी माती नाही.
नुसती गादी. तपकिरी, दमट, मेलेल्या मुळांची.

सहकारनगरातलं हे खोलीएवढं हिरवं
मी सात वर्षं वरूनच पाहिलं.

दाताळं ओढलं की
जुनी उशी उसवल्यासारखा आवाज.
चार पोती भरली. पाचव्यात
बुद्धिबळातला काळा घोडा,
ज्याच्या जागी आम्ही
अजून बाटलीचं बूच मांडतो.

कुंपणापलीकडून मुजुमलेकाकू: "अगंबाई, जळलं का?"
दिसत होतं खरं तसंच,
जावळ काढल्यासारखं.

मी नळीकडे वळलो.
लहू म्हणाला, "आज नको.
आधी वारा लागू दे तिला."