टाचणी

ग्रंथालयाच्या तळघरात, टेबल टेनिसच्या टेबलावर,
शहराचा नकाशा पसरलाय.
दर माणशी एक टाचणी:
सांगा, नवा अरिना कुठे हवा?

बहुतेक टाचण्या रिंगरोडपलीकडे,
जिथं परवापरवापर्यंत कनोला पिवळाजर्द फुलायचा
आणि आता नुसती नावं उगवलीत:
मेडोलार्क ड्राइव्ह, मेडोलार्क कोर्ट, मेडोलार्क वे.
पक्षी कुठं गेला, ते नकाशात नाही.
"पार्किंग! चार हजार गाड्या!" म्हणतो ब्रेंट लिंडक्विस्ट
आणि टेबलावरून तळवा फिरवतो,
जणू प्रेअरी त्यानंच लाटलीय.

वर्ना टोचते भर गावात, आपल्या सूपच्या दुकानाला खेटून.
उघड स्वार्थ. लाजत नाही.
"सामन्याच्या रात्री नव्वद वाडगे जातात. एरवी अकरा."

ओरेस्ट गप्प.
सव्वीस हिवाळे त्यानं जुन्या अरिनात बर्फ घातला,
पाण्याचे पापुद्रे, एकावर एक, रात्र रात्र.
छत गळतं, खांबामागून गोल दिसत नाही,
जुन्याचा पुळका त्याला नाहीच.
तो एवढंच विचारतो,
"तिकडून शेवटची बस किती वाजता?"

नियोजन खात्याची मुलगी कागद चाळते.
दहा चाळीस.
सामना सुटतो अकराला.
खुर्च्यांखालचं पॉपकॉर्न झाडणारी पोरं, त्यानंतर दीड तासानं.
बाहेर उणे तीस.

"बस वाढवू की. नंतर," म्हणतो ब्रेंट.
नंतर.
हा शब्द नकाशावर कुठंही टोचता येतो.

दाराशी ओरेस्ट किल्ल्या शोधतो.
कोटाच्या खिशात राहून गेलेली टाचणी
बोटात घुसते.