इथले की बाहेरचे

मे महिन्यातला दुसरा शनिवार. पहाटे साडेचारला
दुकान उघडते मी. तळ्यावर अजून
बर्फाची पातळ काळपट साय, कडेकडेने फाटलेली.
फ्रिजमध्ये दुधाखालच्या फळीवर गांडुळांचे डबे,
टाकीत आमिषाची चिल्लीपिल्ली मासळी,
तिचा पंप रात्रभर घोरतो
जसा माझा नवरा घोरायचा.

आज हंगाम सुटतो. रांग दाराबाहेर.
मी तेच तेच विचारते: नाव, जन्मतारीख, उंची, वजन.
वजनाला सगळेच थोडं खोटं बोलतात,
मी ऐकते तसं उतरवते. डोळ्यांचा रंग.
आणि मग:
इथले, की बाहेरचे?

इथले म्हणजे सलग सहा महिने इथे.
गाय गाभण राहून विते, त्याहूनही कमी.
कुठेतरी रेघ ओढायचीच होती, ओढली.

आर्विडने काउंटरवर कोपर टेकलं तेव्हा
मी आधी त्याचं जाकीट पाहिलं. फार पातळ.
"इथलाच लिही, हिल्का."
शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा,
एकदा माझ्या वेणीत गळ अडकवला होता त्याने.
बाईंनी कात्रीने सोडवला.
गळ शाबूत राहिला, वेणी नाही.

गाडीचं लायसन्स ॲरिझोनाचं निघालं.
खाली नाव कोस्केला.
रैनो कोस्केलाचा मुलगा. रैनो, जो मार्चमध्ये गेला
आणि जमीन खणता येईना म्हणून
परवा गुरुवारपर्यंत थांबवून ठेवला होता.

यंत्राला हे सांगायची सोय नाही.
यंत्रात दोनच चौकोन.
मी दुसऱ्यात खूण केली. आकडा तिपटीवर गेला.
तो काही बोलला नाही, म्हणून मीच बोलले, उगाच:
"नियम माझा नाही."

त्याच्यामागे मारिव्हिक, वृद्धाश्रमातली नर्स,
मनिलाच्याही पलीकडच्या कुठल्याशा बेटावरची,
पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट.
भाडेपावती, विजेचं बिल, नवंकोरं लायसन्स
तिने पत्त्यांसारखं पसरलं.
"मंगळवारी सहा महिने झाले!"
मागून कुणीतरी टाळी वाजवली.
तिला मी पहिल्या चौकोनात बसवलं.

मग ती आर्विडकडे वळली. नाव ऐकलं होतं तिने.
"तुमच्या बाबांना रात्री झोप नसायची.
बोलत राहायचे. मला फिनिश येत नाही,
त्यांना शेवटी दुसरं काही येईना.
पण चादरीवर बोटाने काढून दाखवायचे:
धक्का, मग लव्हाळं, मग बुडालेला ओंडका.
त्याच्या डावीकडे टाकायचं. उजवीकडे टाकलंत
तर गळ गमावाल."

"मला त्यांनी ही जागा कधी सांगितली नाही,"
आर्विड म्हणाला.

ती बुटांकडे बघत राहिली.
"मला तरी कुठे सांगितली.
मला ते तुमच्याच नावाने हाक मारायचे."

रांग खाकरली. पंप घोरला.
मी विचारलं, कारण विचारावंच लागतं,
एका दिवसाचा देऊ, तीन दिवसांचा, की वर्षाचा?
त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उजाडत होतं, नीट नाही.
"वर्षाचा किती?"
मी सांगितलं. शीळ घालायला ओठ गोल केले त्याने,
घातली नाही. पाकीट काढलं.

अर्जात एक जागा रिकामी राहिली होती.
डोळ्यांचा रंग.
मी वर न बघताच लिहिलं: राखाडी.

आठच्या सुमाराला, रांग ओसरल्यावर पाहते
तर काउंटरवर गांडुळांचा एक डबा,
पैसे दिलेला, विसरलेला, झाकणाला भोकं.
मी तो परत दुधाखाली ठेवला,
चिकटपट्टीवर लिहिलं कोस्केला.
संध्याकाळपर्यंत येईल न्यायला
त्या दोघांपैकी कुणीतरी.