निळं गोल टेबल

तीन सॉफ्टवेअरं उतरवून पाहिली
वरच्या खोलीसाठी.
पहिल्याला आमची भिंतच पटेना.
सव्वादोन फूट जाडी टाकली
तर म्हणे, आकडा तपासा.
तपासलाय. टेपनं, दोनदा,
कुशावर्तानं टॉर्च धरला होता.

दुसऱ्यात सोफे चाळीस तऱ्हेचे,
स्विमिंग पूल तर फुकटच.
जालन्यात, मे महिन्यात
मी तो एकदा अंगणात ठेवून पाहिला
आणि कुणी बघायच्या आत पुसला.

पाण्याचे ड्रम मात्र कशातच नाहीत.
आमच्याकडं सहा आहेत.
तिसऱ्यात एक गोल टेबल सापडलं,
उंची वाढते, रंग बदलतो.
निळं केलं. सहा वेळा.
मग तेच घेतलं, वर्षाचे पैसे भरून.

खलील मिस्त्रीनं प्रिंट उन्हात धरली,
खोलीकडं बघितलंच नाही.
"ड्रम हितं ठिवले व्हय?
मंग जिना त्या अंगाला घ्या,
टँकरचा पाइप हितवर पुरत नाही."

रात्री माउसनं जिना उचलला.
हलका होता.
खोली दीड फुटानं लहान झाली,
कुशावर्ता म्हणाली, कपाट कुठं मग?