पांढरा रंग लावू नका

चौथा मजला. लिफ्ट नाही.
कपाट जिन्यात अडकलं तेव्हा
तिमोन वरच्या पायरीवर, मी खालच्या,
आणि मधे ओक लाकडाचा हा जडशीळ पाहुणा,
वर येईना, खाली जाईना.
दुसऱ्या मजल्यावरच्या यागोदाबाईंनी
दार किलकिलं केलं, म्हणाल्या,
आधी दारं काढा त्याची. बिजागऱ्या पितळी आहेत, सुटतील.
तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारलं नाही.
व्रोत्सवाफमध्ये अशा कपाटांची दारं
प्रत्येकानं कधी ना कधी काढलेली असतात.

कपाट लुत्सियानकाकांचं.
ते निघाले मुलीकडे, नव्या इमारतीत,
तिथलं छत याच्या डोक्याला लागतं.
पैसे फारसे घेतले नाहीत.
काचेच्या पेल्यात चहा दिला आणि एकच अट घातली:
पांढरा रंग लावू नका.
हल्ली सगळे लावतात, म्हणाले,
आणि मग पॉलिश पेपरनं घासतात,
जुनं दिसावं म्हणून.
जुनंच असतं ते!
तिमोन पेल्यात बघत राहिला.
खाली गाडीच्या डिकीत अडीच लिटरचा डबा होता,
पांढरा, चार ब्रश,
आणि पॉलिश पेपर.

सहा वर्षांचा होतो, काका सांगत होते,
पूर्वेकडून मालगाडीनं आलो, तीन आठवडे.
घर मिळालं ते भरलेलंच.
खुंटीवर कुणाचा तरी कोट. याच कपाटात बशा,
मोठीवर मधली, मधलीवर लहान.
आई वर्षभर यात काही ठेवेना.
येतील ते, म्हणायची. आमचे कपडे बोचक्यातच.
खूप वर्षांनी एकदा
एक जोडपं खाली रस्त्यावर उभं राहिलं,
खिडकीकडे बघत.
आईनं पडदा ओढून घेतला.
मग चप्पल घालून धावत खाली गेली,
तोवर ट्राम त्यांना घेऊन गेली होती.

आता घरात काय काय आहे ते सांगते.
राईसारखी पिवळी प्लास्टिकची खुर्ची, हप्त्यांवर.
रविवारच्या बाजारातून साठ सालातली एक आरामखुर्ची,
तिचं कापड मी बदललं, आत
एक बस-तिकीट आणि केसांची पिन निघाली.
खोक्यातून आलेलं पुस्तकांचं शेल्फ,
ते तिमोननं चित्र बघून जोडलं.
एक स्क्रू उरला.
कुठला ते चित्रात सापडेना.
सोयरिकीला बसवावं तसं
सगळ्यांना समोरासमोर बसवून पाहिलं आम्ही,
दोन रविवार गेले, पाठीत उसण भरली.
खुर्ची कपाटाशेजारी लाजते.
मशरूमसारखा दिवा कुणाशीच बोलत नाही.
शेल्फ तिसऱ्या दिवशी उजवीकडे कललं,
ते सध्या कपाटाला खेटून उभं आहे.

आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीनं लिहिलेली यादी,
जुन्या जर्मन वळणाची, काटेरी.
तिमोननं फोन धरला तिच्यावर, फोनला वाचता येईना.
यागोदाबाई चष्मा घेऊन वर आल्या.
मुरंब्याच्या बरण्या आहेत, म्हणाल्या.
चेरी, चौदा.
गूसबेरी, सहा.
जर्दाळू, त्यावर रेघ.
शेवटी आलुबुखार,
पुढे आकडा नाही.

बराच वेळ आम्ही तिघं त्या दारापुढे,
फ्रिजपुढे उभे राहावं तसे.
मग यागोदाबाई म्हणाल्या, डाव्या ड्रॉवरला मेण लावा,
पावसाळी हवेत तो फुगेल.
फुगला. आता उघडत नाही.
त्यातच आहे तो उरलेला स्क्रू.

रंगाचा डबा पलंगाखाली आहे.
तिमोन म्हणतो, बाथरूमला लावू.
बघू.