स्टॉल नंबर सत्तेचाळीस

मृदुला, बूट जुनेच घाल.
चप्पल लाईनीतून आणलेली ती नवी जोडी
करकर वाजते झकास,
पण दुपारी दोनला टाचेतून वसुली करते.
हॉलमध्ये गालिचा असतो, त्याखाली काँक्रीट.
गालिच्यावर विश्वास ठेवू नको.

साडेसातलाच निघ.
तावडे हॉटेलपाशी गाड्या तुंबल्या
की शिरोली लांब पडते.

तुझे वडील जायचे तेव्हा मी मागे असायचो,
कास्टिंग उचलायला. चौदा किलोचं पंपाचं कव्हर,
टेम्पोतून टेबलावर, टेबलावरून टेम्पोत.
उचलणाऱ्याकडे कोणी बघत नाही,
म्हणून त्याला रग्गड दिसतं.

एक्स्टेन्शन बोर्ड आपला न्यायचा. दोन न्यायचे.
एक शेजारचे मागतात. द्यायचा.
सांगलीचे असले, आपलंच गिऱ्हाईक ओढणारे असले,
तरी द्यायचा, वर चहा सांगायचा,
कारण सहा सहा महिने पैसे कोण लटकवतं
ते त्यांनाच माहीत असतं.

तुमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत,
आणि तिथं साडेनऊशिवाय झाकण उघडत नाही.
तोवर सत्कार, फेटे, पुन्हा सत्कार.
पाचलाच डबा खा, पडद्यामागं, खोक्यावर बसून.
लाजू नको. तुझे वडील पहिल्या वर्षी लाजले
आणि रात्री उपाशीपोटी रुकडी गाठली.

कार्ड मिळालं की मागं लगेच लिही,
माणूस नजरेआड व्हायच्या आत:
जाड चष्मा. बेळगाव. व्हॉल्व्ह. घाईत.
संध्याकाळी सगळी कार्डं सख्खी भावंडं दिसतात.

दर विचारला तर गलक्यात सांगू नको.
गलक्यात माणूस आपल्याच आवाजाला बिचकून
कमी सांगून बसतो.
उद्या दहाला फोन करते म्हण.
आणि कर. दहालाच.

फुकटच्या पिशव्या गोळा करू नको.
पेनं मात्र आण, माझी नात रोज एक हरवते.

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या भविष्यावर भाषण असतं.
दाराजवळची खुर्ची धर.
मी एकदा मधोमध बसलो.
पडद्यावरची वाळू निळी होती, हात न लागलेली.
कधी डोळा लागला कळलं नाही.
जागा झालो तर टाळ्या. मीही वाजवल्या.

आता हे नीट ऐक.
टेबलाखाली, पोत्यात गुंडाळून,
तो वाया गेलेला पीस ने.
कडेला आत शेंगदाण्याएवढी पोकळी आहे बघ,
तो. मीच ओतलेला.
तुझे वडील म्हणायचे, हे कशाला, झाक ते.
एका वर्षी तिसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला,
लोक पिशव्या सावरत निघालेले,
एक बुटका माणूस आला. गळ्यात बिल्ला नाही.
चकचकीत कव्हरात आतून अंगठा फिरवला
आणि म्हणाला, बिघडलेलं दाखवा की एखादं.
वडिलांनी माझ्याकडे बघितलं.
मी पोतं सोडलं.
कुठं चुकलं?
वाळूत ओल जास्त होती, म्हटलं, आणि मला घाई होती.
त्यानं मान हलवली, गेला.
नाव विचारायचं राहूनच गेलं.
दर गुरुवारी जो निळा टेम्पो लागतो ना फाटकाला,
तो त्याचा.

दरवर्षी असा कोणी येतोच असं नाही.
त्यानंतर नऊ वर्षं मी पोतं नेलं
आणि गाठ न सोडता परत आणलं.
तरी ने. चौदा किलो जास्तीचे, एवढंच.

आवंदा माझा गुडघा येऊ देत नाही.
उचलायला सर्फराज येईल.
पोरगा बोलत नाही फारसा.
त्याला खुर्ची दे,
आणि सामान भरून झाल्यावर विचार,
काय काय दिसलं.

पेटीच्या डाव्या कप्प्यात ज्येष्ठमध आहे, घशाला.